हार्टेनरोडेचे तीन पाव

हार्टेनरोडे, ४ फेब्रुवारी १९५७

प्रिय लेबरेख्टमामा,

नाताळला तुम्ही पाठवलेले लोकरी मोजे रोज घालते. बराकीची जमीन यंदाही खालून गारठा सोडते आणि शाळेत फळ्यापाशी उभं राहून पाय बधिर होतात. तेव्हा आधी आभार, मग काम.

काम असं, की येत्या सप्टेंबरात हार्टेनरोडे गावाला सातशे वर्षं पूर्ण होतायत. नगराध्यक्ष डांक्वार्ट यांनी परवा मला कचेरीत बोलावलं. म्हणाले, "शोल्त्सेकबाई, स्मरणिका काढायचीय. तुमची भाषा चांगली. इथली मंडळी लिहायला बसली की आपापल्या आजोबांवर घसरतात. तुम्हाला इथे आजोबाच नाहीत." हे ते हसून म्हणाले. मीही हसले. युद्धानंतर सायलेशियातून हाकललं जाऊन या गावात अकरा वर्षं काढल्यावर कुठे हसायचं ते कळतं.

स्मरणिकेत पहिलं प्रकरण गावाच्या ढालचिन्हावर हवं. तुम्ही ते पाहिलं असेल: वर निळ्यावर चांदीची घंटा, खाली हिरव्यावर तीन काळी वर्तुळं. ती वर्तुळं म्हणजे राय नावाच्या धान्याचे काळे पाव. गावाला वेढा पडला, खायला काही उरलं नाही, तेव्हा तीन बेकरांनी शेवटचं पीठ मळून तीन पाव भाजले आणि तटावरून शत्रूच्या अंगावर भिरकावले. आत धान्याची कोठारं भरलीयत असं वाटून शत्रू निघून गेला. घंटा त्या आनंदाची. बेकर एक्कार्ट तर शपथेवर सांगतो की त्या तिघांतला कुन्त्स एक्कार्ट हा त्याचा पूर्वज. दुकानाच्या पाटीवर त्याने तीन पाव रंगवून घेतलेत.

मला फक्त वेढ्याचं साल आणि एखादा आधार हवाय. तुम्ही तीस वर्षं राज्याच्या दप्तरखान्यात काढलीत. आई म्हणायची, आमच्या लेबरेख्टने लिहिलेल्या ओळीखाली न्यायाधीशही डोळे मिटून सही करील.

बाकी ठीक. आम्हा निर्वासितांसाठी गावाबाहेर नवी वसाहत उठतेय, चौतीस बिऱ्हाडांची. माझ्या बराकीत पडद्यापलीकडे राहणारी मार्तामावशी कालिन्के रोज काठी टेकत जाते आणि भिंत किती चढली ते येऊन सांगते. आणखी एक बातमी आहे, पण ती हातात आल्यावर सांगेन.

तुमची
रोज्विता


गॉटिंगेन, १९ फेब्रुवारी १९५७

प्रिय रोज्विता,

पत्र मिळालं. पावांची गोष्ट आहे तशी लिही. लोकांना ती आवडते आणि त्यात कोणाचं नुकसान नाही. साल घालू नकोस, 'पुरातन काळी' एवढं पुरे. आधार विचारू नकोस. कागद त्रोटक आहेत आणि दप्तरखान्यात आता माझ्या ओळखीचं कोणी उरलेलं नाही.

खोकला बरा आहे.

लेबरेख्ट हाइन्त्से

ता. क. ही नवी वसाहत गावाबाहेर म्हणजे नेमकी कुठे? चामड्याच्या जुन्या कारखान्याच्या अलीकडे की पलीकडे?


हार्टेनरोडे, १० मार्च १९५७

प्रिय मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एवढं छोटं पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं, आणि खाली पूर्ण नाव घालून सही तर कधीच केली नव्हती. रागावलात का?

आणि चामड्याचा कारखाना तुम्हाला कसा माहीत? तुम्ही हार्टेनरोडेला आलात असं आई कधी बोलली नाही. वसाहत कारखान्याच्या पलीकडे आहे, ओढ्याच्या वळणात. त्या जागेला गोल कुरण म्हणतात.

साल घालू नका म्हणालात, पण मी मास्तरीण. मी चर्चचे राखणदार टिलो वेसेल यांच्याकडे गेले. पंचाहत्तरीचे आहेत, बोलायला कोणी मिळालं तर सोडत नाहीत. त्यांनी कपाटातून गावाचा सर्वात जुना पितळी ठसा काढला आणि मेणावर दाबून दाखवला. मामा, त्यावर घंटा उलटी आहे. तोंड वर, टांगायची कडी खाली.

मी म्हटलं, "ठसा तुम्ही उलटा धरलात."

"मग अक्षरंही उलटी दिसली असती, बाई." अक्षरं सरळच होती.

मग त्यांनी माझं बोट वर्तुळांवरून फिरवलं. "पाव असते तर फुगलेले लागले असते ना? हे खोलगट आहेत."

"मग पावांची गोष्ट?"

"ती मी मोठेपणी ऐकली. पोरवयात नव्हती."

"एक्कार्ट म्हणतो त्याला आजीने सांगितली."

वेसेल बराच वेळ खोकल्यासारखं हसले. "त्याच्या आजीला मी ओळखत होतो. बिचारी जन्माची मुकी होती."

निघताना मी सहज विचारलं, एवढं मोक्याचं कुरण आमच्यासाठी मोकळं कसं राहिलं? म्हणाले, "आम्ही तिथे गवत कापतो. घर बांधत नाही, गुरंही बांधत नाही." का, तर बापाने बांधली नाहीत म्हणून. डांक्वार्टसाहेबांना विचारलं तर ते म्हणतात जमिनीत ओल आहे एवढंच, गटार घातलं की झालं.

तुम्हाला काही माहीत असेल तर लिहा. मला ती उलटी घंटा आवडली नाही.

रोज्विता


गॉटिंगेन, २ एप्रिल १९५७

प्रिय रोज्विता,

तीन आठवडे लावले, माफ कर. पत्र चार वेळा लिहून फाडलं.

गोल कुरणावरचं बांधकाम थांबलं पाहिजे.

हार्टेनरोडेच्या नगरसभेचं एक जुनं पुस्तक दप्तरखान्यात आहे. त्यात १४१७ सालचं एक पान आहे. ते मी वाचलंय. त्या कुरणावर पूर्वी वस्ती होती. १३८८ साली तिथली जमीन एकाएकी खाली गेली आणि तीन घरं गेली. लोकांनी खड्डा भरला. १४०१ मध्ये दुसरा खड्डा पडला. तोही भरला. १४१२ मध्ये तिसरा, आणि त्यात संत गांगोल्फचं छोटं चर्च प्रार्थनेच्या वेळी गेलं. आत अकरा माणसं होती. काही दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा गाळात फक्त घंटा दिसली, तोंड वर करून पडलेली.

सभेने ठरवलं, या जागी कोणी घर, कोठार किंवा भट्टी घालू नये. पुढचं वाक्य मला पाठ आहे: 'आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे आमच्या शिक्क्यावर कोरावं. तीन खड्डे कोरावेत. घंटा सापडली तशीच कोरावी, म्हणजे पाहणारा विचारील.'

साडेतीनशे वर्षं लोक विचारत राहिले. मग नवा ठसा करताना एका कारागिराला ती चूक वाटली आणि त्याने घंटा सुलटी केली. त्यानंतर विचारायला काही कारण उरलं नाही.

तुमच्या डोंगराखाली जिप्सम आहे. पाण्यात साखरेचा खडा विरघळतो तसं ते आतून विरघळत जातं. वर गवत हिरवंगार राहतं.

हे पत्र नगराध्यक्षांना दाखव.

तुझा मामा


हार्टेनरोडे, २४ एप्रिल १९५७

मामा,

दाखवलं.

डांक्वार्टसाहेबांनी ते शांतपणे वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं पटलं. मग त्यांनी शेवटचा खण उघडून एक निळी फाईल काढली. आत राज्य दप्तरखान्याच्या शिक्क्याचा दोन पानी अभिप्राय होता, ऑक्टोबर १९३८ चा. 'हार्टेनरोडेच्या ढालचिन्हावरील तीन वर्तुळे हे निःसंशय पाव होत.' वेढा, तीन बेकर, त्यांची नावंसुद्धा. खाली सही: लेबरेख्ट हाइन्त्से.

"शोल्त्सेकबाई," ते म्हणाले, "तुमचे मामा निःसंशय म्हणतात. आता तेच मामा उलट म्हणतायत. मी यातल्या कुठल्या मामांचं ऐकू?"

तिथे बेकर एक्कार्टही बसला होता. तो म्हणाला, "बोचकेवाल्यांना घरं देतोय तर त्यांना जमीनही पसंत पडेना." मला कान झाकावेसे वाटले. अकरा वर्षांत माझ्यामुळे कोणी माझ्या माणसांना नावं ठेवली नव्हती.

जी बातमी हातात आल्यावर सांगणार होते ती आता सांगते. वसाहतीत मला दोन खोल्या मिळाल्यात. घर क्रमांक पाच, तळमजला. मार्तामावशी शेजारच्या चारमध्ये. दोन खोल्या, मामा, आणि दार. पडदा नाही, दार. तुमचं पत्र घेऊन त्या कचेरीत मी स्वतःच्या घराविरुद्ध बोलायला गेले होते, आणि तुम्ही मला हातात रिकामं पाकीट देऊन पाठवलंत.

सही तुमची आहे का? एवढंच सांगा.

रोज्विता


गॉटिंगेन, २९ एप्रिल १९५७

रोज्विता,

सही माझी आहे. पावांची गोष्टही माझीच आहे. माझ्याआधी ती कोणी सांगितलेली नाही.

१९३८ मध्ये तुमच्या तेव्हाच्या नगराध्यक्षाला ढालचिन्ह नव्याने मंजूर करून हवं होतं. मी जागा पाहायला आलो, दोन दिवस राहिलो, चामड्याच्या कारखान्याजवळच्या खानावळीत जेवलो. मग परत जाऊन १४१७ चं पान काढलं आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेब म्हणाले, "हाइन्त्से, कोणतं गाव ढालीवर खड्डे मिरवील? काहीतरी उपयोगी शोधा. त्याग, भाकरी, धैर्य असलं." दिवस तसे होते. पण दिवसांवर ढकलत नाही. मला कोणी धमकावलं नाही. मला त्या दुपारी लवकर घरी जायचं होतं, आणि वरची जागा रिकामी होणार होती. मी दोन पानं लिहिली. बेकरांची नावं तुमच्या दफनभूमीतल्या दगडांवरून घेतली. कुन्त्स एक्कार्ट हा प्रत्यक्षात न्हावी होता.

मला वाटलं, कुरणावर कोणी बांधत नाहीच, मग गोष्ट काही का असेना. एकोणीस वर्षांत ती इतकी जुनी होईल असं वाटलं नव्हतं.

मी जिल्हा बांधकाम कचेरीला लिहितोय. सगळं लिहीन, हेसुद्धा.

तू त्या घरात जाऊ नकोस.

लेबरेख्टमामा


गॉटिंगेन, १५ जुलै १९५७

प्रिय रोज्विता,

अडीच महिने तुझं अक्षर दिसलं नाही. रागावण्याचा तुला हक्क आहे, पण दोन ओळी लिही.

बांधकाम कचेरीचं उत्तर आलं. त्यांनी इंजिनिअर पाठवला, तीन ठिकाणी आठ-आठ मीटर खोल भोकं पाडली, माती घट्ट निघाली. 'आपल्याच शासकीय अभिप्रायास विरोध करणाऱ्या आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' मी परत लिहिलं की पोकळी आठ मीटरवर नसते, खूप खाली असते. त्याला उत्तर नाही. दप्तरखान्यात जाऊन १४१७ चं पान मागितलं. ते पुस्तक युद्धात हलवलं गेलं, आता कुठल्या पेटीत आहे ते ठाऊक नाही म्हणतात. म्हणजे माझ्या शब्दाच्या आधाराला आता माझाच शब्द उरलाय.

छातीत पाणी झालंय. डॉक्टर जिना उतरू देत नाहीत.

मामा


हार्टेनरोडे, २८ ऑक्टोबर १९५७

मामा,

तुम्ही आजारी आहात हे कळूनही लिहिलं नाही, याची लाज वाटते. पण आता सगळं होऊन गेलंय, तेव्हा लिहिते.

इंजिनिअरच्या भोकांतून घट्ट माती निघाली तेव्हा मी बराकीच्या मागे जाऊन रडले, सुटल्यासारखी. त्या दिवशी ठरवलं की आता त्या विषयाचं नाव काढायचं नाही. स्मरणिका मी लिहिली. पहिलं प्रकरण पावांचं. तुमच्या अभिप्रायातली वाक्यंच थोडी सोपी करून घातली. सप्टेंबरात उत्सव झाला. एक्कार्टने चाकाएवढे तीन पाव भाजून मिरवणुकीत गाडीवर ठेवले. डांक्वार्टसाहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. बोचकेवाली म्हणून नाही, शोल्त्सेकबाई म्हणून.

एक ऑक्टोबरला किल्ली मिळाली. मार्तामावशीने पहिल्या दिवशी आपलं दार पंचवीसदा तरी उघडलं आणि लावलं. मग खसखशीचा केक केला, आमच्याकडे करतात तसा, आणि चौतीस घरांत एकेक तुकडा वाटला. म्हणाली, "पोरी, आता मला इथून फक्त पाय पुढे करून, चौघांच्या खांद्यावरून काढायचं."

नव्या घराच्या कुरबुरी असतातच. सुतारांनी कच्चं लाकूड वापरलंय, दारं अडकतात. माझं पुढचं दार खांद्याने ढकलावं लागतं. विहिरीच्या पंपाचं पाणी या आठवड्यात दुधासारखं येतंय. चुना असेल. बसू दिलं की खाली साका राहतो.

एक मागणं आहे. या विषयावर मला पुन्हा लिहू नका. तब्येतीबद्दल लिहा, पुस्तकांबद्दल लिहा, आईबद्दल लिहा. मला या घरात झोप लागते, मामा. कित्येक वर्षांनी लागते.

तुमची रोज्विता


गॉटिंगेन, ४ नोव्हेंबर १९५७

रोज्विता,

तू नको म्हणालीस तरी लिहितोय. तुझं पत्र घरकामाच्या बाईने औषधांच्या बाटल्यांखाली ठेवलं होतं, आज हाती लागलं. तार केली असती, पण तार तुमच्या टपाल कचेरीत आधी वाचली जाते, आणि तिथे नगराध्यक्षांची बहीण बसते असं तूच एकदा लिहिलं होतंस. सगळं गाव आधीच हसलं असतं आणि तुझं कोणी ऐकलं नसतं. म्हणून पाकिटावर 'लगेच उघड' लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

१४१७ च्या पानावर आणखी चार ओळी आहेत, त्या तुला सांगितल्या नव्हत्या. तिसऱ्या खड्ड्याआधी काय काय झालं ते त्यात आहे. विहिरीचं पाणी पांढरं झालं. घरांची दारं चौकटीत धरली गेली. गवतात भेग दिसली, सरळ नाही, ताटाच्या काठासारखी वळत गेलेली. कुत्री तिकडे जाईनात. मग जमिनीखालून गाडी गेल्यासारखा आवाज, आणि त्यानंतर वेळ नव्हता.

पहिल्या दोन गोष्टी तू स्वतः लिहिल्यास.

मी वाद घालत नाही. माझ्यावर विश्वास ठेव असंही म्हणत नाही. फक्त पत्र खाली ठेव, बाहेर जा आणि गवत बघ. भेग वळत असेल तर आतल्या घरांतून माणसं काढ. कोणाची परवानगी मागत बसू नकोस.

मामा


हार्टेनरोडे, १७ नोव्हेंबर १९५७

मामा,

तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. मी जिवंत आहे ही तार मिळाली असेल. बाकीचं आता लिहिते. शाळेच्या व्यायामशाळेत आहोत, तेहतीस बिऱ्हाडं. दोरीवर पुन्हा पडदे लागलेत.

शनिवारी, नऊ तारखेला, दुपारी शाळेतून आले तर दार उघडेना. खांदा लावला, लाथ मारली, काही नाही. शेवटी खिडकीतून चढले. पलीकडच्या बायका हसत होत्या, मीही हसत होते. आत उतरले आणि हसणं थांबलं. तुमचं पत्र घेतलं, उभ्याउभ्या वाचलं, खिडकीतूनच बाहेर पडले.

भेग होती. बोट जाईल एवढी. क्रमांक एकच्या मागून निघून, कपडे वाळत घालायच्या खांबांमधून, सहाच्या कोपऱ्याला वळसा घालून ओढ्याकडे गेलेली. मी तिच्या कडेकडेने चालले आणि जिथून निघाले तिथे परत आले. सहा घरं तिच्या आत होती.

डांक्वार्टसाहेब नेमबाजांच्या मंडळात जेवत होते. मला बाहेरच्या खोलीत भेटले, हातात रुमाल तसाच. "सोमवारी इंजिनिअरला बोलावतो," म्हणाले.

"सोमवारपर्यंत माणसं कुठे ठेवू?"

"घरात, बाई. माणसं घरात राहतात. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच असं करू लागलात तर त्या लोकांनी काय करायचं?"

मी परत आले आणि पहिल्याच दारावर थाप मारली. मामा, मला वाटलं होतं समजावावं लागेल. कोणी एक प्रश्न विचारला नाही. मी फक्त म्हटलं, "निघायला हवं." बायकांनी शेगडी विझवली, कागदपत्रांची पिशवी गळ्यात घातली, गादीत भांडी गुंडाळली. पंधरा मिनिटांत सहाच काय, चौतीस घरं दारात उभी. निघायचं कसं हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. वेसेल बैलगाडी घेऊन आले. न बोलावता आले.

फक्त मार्तामावशी उठली नाही. खुर्चीत बसली होती, पाय शेगडीकडे करून.

"मागल्या वेळी मला घर सोडायला वीस मिनिटं दिली होती," ती म्हणाली. "चुलीवर दूध होतं. ते तसंच टाकून निघाले. ते उतू गेलं की कोणी उतरवलं, याचा विचार मी अकरा वर्षं करतेय. तू जा."

"मावशी, जमीन खचतेय."

"माझ्या पायाखाली पक्की आहे. बघ, काठी आपटते."

अंधार पडेपर्यंत मी तिच्याजवळ बसले. चार पुरुष बाहेर थांबले होते, उचलून नेतो म्हणाले. मी त्यांना आत येऊ दिलं नाही. एका म्हातारीला तिच्या घरातून उचलून बाहेर काढायचं, ते आम्ही, हे मला सहन झालं नाही. म्हटलं सकाळी येते, कॉफी घेऊन येते, मग ऐकेल.

रविवारी साडेदहाला चर्चच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा मी किटली घेऊन कारखान्यापाशी पोचले होते. आधी ती गाडी ऐकली, खालून जाणारी. मोठा आवाज झालाच नाही. कौलं एकावर एक सरकल्याचा खडखड, आणि मग धुरांडी एकामागून एक दिसेनाशी झाली, कोणीतरी खालून ओढून घ्यावीत तशी. मी काठापर्यंत धावले. लोकांनी मला मागे ओढलं. खाली दुधासारखं पांढरं पाणी फिरत होतं. सहा घरांतलं एक फळकूटही वर आलं नाही. मार्तामावशी मिळालेली नाही. पाणबुड्यांना तळ लागत नाही.

आता जे लिहायचंय ते पुढे आहे.

जिल्ह्याचे चौकशी न्यायाधीश आलेत. प्रत्येकाकडून लेखी जबानी घेतायत. माझ्या कागदावर तिसरा प्रश्न आहे: धोक्याची लक्षणं आपणास प्रथम कधी कळवली गेली?

तुमचं पत्र शनिवारी आलं नाही, मामा. मंगळवारी आलं. पाच तारखेला, सकाळच्या टपालाने. 'लगेच उघड' आणि खालच्या दोन रेघा मी पाहिल्या. पाहिल्या म्हणूनच उघडलं नाही. टॉवेलांखाली ठेवलं आणि खण लावला. चार दिवस रोज त्यातून टॉवेल काढत होते. मला ते घर आणखी थोडे दिवस हवं होतं.

मावशीला समजवायला मला एक संध्याकाळ मिळाली. चार दिवस मिळाले असते. चार दिवसांत तिने ऐकलं असतं. माझं ती ऐकायची.

पाकीट माझ्याकडेच आहे. टपालातली बाई तारखा लक्षात ठेवत नाही. इथे सगळे मला हात जोडतात. काल एका बाईने माझा हात घेऊन डोळ्यांना लावला. मी शनिवार लिहिलं तर कोणाला कळणार नाही.

काय लिहू?

रोज्विता


गॉटिंगेन, २० नोव्हेंबर १९५७

प्रिय रोज्विता,

मंगळवार लिही.

तुझं पत्र वाचून तुला धीर द्यावा असं फार वाटलं. शनिवार लिही, तू शंभरावर माणसं बाहेर काढलीस, एवढं तुझं देणं फिटलं, असं लिहिणं सोपं होतं. मी ते एकदा हातात घेऊन बघितलं. तेच ते हलकं वजन होतं, १९३८ च्या त्या दुपारचं. म्हणून सांगतो. एकदा खोटं कागदावर उतरलं की ते आपल्याजवळ राहत नाही. लोक ते घरी नेतात, त्याच्या पाट्या रंगवतात, मुक्या आजीच्या तोंडी घालतात. मग खरं सांगायला जावं तर आपल्यासमोर आपलीच सही धरतात.

चौकशी न्यायाधीशांपुढे माझी साक्ष गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी अकराला आहे. १९३८ ची दोन पानं मीच वाचून दाखवणार. डांक्वार्ट त्या पानांमागे उभे राहतील, राहू देत. पुढे कोण उभं आहे ते दिसलं पाहिजे. तू पाकीट उघडलं नाहीस ते कोणाचं होतं म्हणून, हेही मी सांगेन. ज्याने पाठवलं त्याने तुझा विश्वास आधीच खाऊन टाकला होता. त्यातला माझा वाटा मी घेईन. तुझा तुझ्याकडे राहील. तो मला घेता येत नाही.

डॉक्टर प्रवासाला नाही म्हणाले. मी तिकीट काढलंय. गाडी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचते. तुमच्या स्टेशनवर उतरायच्या बाजूला जिना आहे आणि तो मला एकट्याने चढवणार नाही. तू येशील की नाही ते विचारत नाही. मी जिन्याखाली बसून राहीन.

मामा